गाळ, ताली आणि गायरान मागणारे जोतीराव

सोमेश्वरनगर : उन्हाळा लागला की तलावातला गाळ ट्रॉल्या भरभरून रानात पडतो. शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तेव्हा ही कल्पना अगदी नवी असल्यासारखी गावोगावी तिची चर्चा झाली. पण नदीनाल्यांत आणि तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या, ही मागणी १८८३ सालीच लिहून झाली होती. लिहिणारे जोतीराव गोविंदराव फुले आणि पुस्तकाचं नाव ‘शेतकऱ्याचा असूड’.

महात्मा फुले म्हटलं की भिडेवाडा, मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज हे सगळं डोळ्यापुढं येतं. ते बरोबरच आहे. पण या माणसाने माती, पाणी, जंगल आणि जित्राब यांचा एकत्र हिशोब मांडला होता. तो जयंतीच्या भाषणात सहसा येत नाही. बारामती, इंदापूर, पुरंदरच्या शेतकऱ्याला तर तो जवळचा वाटावा, कारण त्यातली बरीच दुखणी याच भागातली आहेत.

कटगुण ते खानवडी

फुल्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातलं कटगुण. तिथं पणजोबांकडे चौगुलेपण होतं. गावच्या कुलकर्ण्याशी वैर झालं, गाव सोडावं लागलं आणि हे कुटुंब पुरंदरातल्या खानवडीला आलं. सासवड-जेजुरीच्या बाजूचं हे कमी पावसाचं गाव. आजोबा शेटीबा. त्यांची तीन मुलं राणोजी, कृष्णा आणि गोविंद पुण्यात फुलांच्या धंद्यात शिरली, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागली, थोडी जमीन मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले.

गोविंदरावांचे धाकटे चिरंजीव जोतीराव ११ एप्रिल १८२७ रोजी जन्मले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी पोराला वाढवलं. शाळेत घातलं, पण पोरगं शिकलं तर शेताच्या कामाचं राहणार नाही असं कुणी तरी वडिलांच्या मनात भरवलं आणि शाळा सुटली. मग काही वर्षं जोतीराव वडिलांबरोबर मळ्यात राबले. खुरपं, फावडं, मोटेचं पाणी, दारं धरणं हे सगळं हाताखालून गेलं. पुढं त्यांनी शेतीवर जे लिहिलं त्यात पाणी कुठून येतं, माती कुठं जाते, याचं बारीक भान दिसतं, ते या वर्षांतून आलेलं असावं. शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेबांनी गोविंदरावांना पटवलं म्हणून १८४१ साली ते पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. त्याआधी १८४० साली नीरेपलीकडच्या नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक सावित्री त्यांच्या घरी आली होती.

१८४८ ची मुलींची शाळा, त्यासाठी घर सोडणं, शेणाचे गोळे, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाण्याच्या बाबतीत एकच सांगायला हवं. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुला केला. पाण्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी शेताच्या बांधापासून नव्हे तर घराच्या दारापासून सुरू झाला होता.

पोट भरायला ते ठेकेदारी करत. खडकवासल्याच्या धरणाच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. मांजरीकडे त्यांनी शेती केली. म्हणजे धरण बांधणारा, कालव्याचं पाणी बघणारा आणि स्वतः कसणारा असा तिन्ही अंगांनी अनुभव एका माणसाकडे जमा झाला. सरकारी कामावर मजुराला काय मिळतं आणि मधल्या मध्ये काय मुरतं, हेही त्यांनी पाहिलं.

इंदापूरची आकारणी, सुप्याचा बाजार

इंग्रजांनी दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि आकारणी बसवली, त्यात इंदापूर तालुका प्रयोगाचं ठिकाण होता. प्रिंगल साहेबाने १८३० च्या सुमारास बसवलेला आकार इतका जड होता की लोक रानं टाकून गेले. मग १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथंच नव्याने सुरुवात केली आणि तीस वर्षांच्या आकारणीची पद्धत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. तीस वर्षं भरली तशी १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. त्याच्या मागोमाग शेजारच्या तालुक्यांतही वाढला.

याच काळात कापसाचा भाव पडला होता, सावकाराचं देणं फिटत नव्हतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडे बाजारात लोक उठले. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात मोडत होतं, आज बारामतीत आहे. सावकारांची दुकानं फुटली, खतं आणि वह्या जळाल्या. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर लोकांचा भर होता. तिथून ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

सरकारने आणि पुण्याच्या पुढाऱ्यांनी या उठावात कर्ज आणि व्याज पाहिलं. जोतीरावांनी त्याच्याखालची माती पाहिली. त्यांचं म्हणणं असं की, आधी शेतकरी रान एखाद-दोन वर्षं पड ठेवत होता, त्यामुळे मातीला विसावा मिळायचा. सारा वाढला, वाटण्या झाल्या, तुकडे पडले आणि पड ठेवणं परवडेना. दरसाल तेच रान नांगरलं जाऊ लागलं. जमिनीचा कस गेला, उतारा घटला आणि घटलेल्या उताऱ्यावर वाढलेला सारा बसला, म्हणून माणूस सावकाराच्या दारात गेला. कर्जाचं मूळ मातीच्या थकण्यात आहे, हे सांगणारा त्या वेळी दुसरा कोण होता, हे शोधावंच लागेल.

दुष्काळ

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. आजही म्हातारी माणसं मोठ्या दुष्काळांची नावं घेतात, त्यातला हा एक. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात जनावरं चाऱ्यावाचून मेली आणि माणसं गाव सोडून निघाली. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी अन्नछत्रं काढली. धनकवडीला जोतीरावांनी दुष्काळातल्या पोरांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला, मे १८७७ मध्ये मदतीचं पत्रक काढलं. सावित्रीबाई जुन्नरच्या बाजूला फिरून काम करत होत्या.

सोमेश्वरनगरच्या शिवाराला पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचं काम याच दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. उपाशी माणसांच्या हातांनी तो खोदला गेला. १८८५ च्या सुमारास त्यात पाणी आलं. भाटघरचं धरण त्यानंतर पुरं झालं. आज उसाला पाणी देताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, यायचं कारणही नाही, पण नोंद असलेली बरी.

गावोगाव वाचलेलं पुस्तक

दुष्काळानंतर पाच-सहा वर्षांत जोतीरावांनी ‘असूड’ लिहायला घेतला. एका जागी बसून लिहिलेलं हे पुस्तक नाही. एकेक भाग तयार झाला की ते पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढं वाचून दाखवत. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ऐकणारे बहुतेक निरक्षर शेतकरी, म्हणून भाषा खणखणीत आणि रोखठोक. जुलै १८८३ मध्ये पुस्तक पुरं झालं. ‘दीनबंधु’ पत्रात नारायण मेघाजी लोखंड्यांनी सुरुवातीचा भाग छापला, पण पुढचा छापायला ते धजले नाहीत, कारण भटजी, कुलकर्णी, सावकार आणि गोरे साहेब या सगळ्यांवर त्यात एकाच आसुडाने फटके होते. जवळच्या माणसानेच हात आखडता घेतला, याचा जोतीरावांना राग आला होता.

या पुस्तकातला जंगलावरचा भाग आजच्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला. डोंगर, दऱ्या, टेकड्या आणि त्यांच्याबरोबर गावची गायरानंही सरकारजमा होऊ लागली. जोतीरावांनी दोन नुकसानं दाखवली.

पहिलं माणसाचं. ज्याच्याकडे रान थोडं, तो पूर्वी जंगलातली उंबरं, जांभळं, मोहाची फुलं, पळसाची पानं, सरपण यावर चार दिवस काढायचा. गायरानावर एखादी गाय आणि दोन-चार शेरडं वाढवायचा. त्यामुळे वाईट सालातही त्याला गाव सोडावं लागत नव्हतं. जंगल बंद झालं आणि गरिबाचा हा मुका साठा गेला.

दुसरं नुकसान मातीचं, आणि इथं जोतीरावांची नजर फार लांब गेली आहे. त्यांनी मांडलं ते आपल्या शब्दांत असं सांगता येईल : डोंगरावर गवत कुजतं, पानंफुलं झडतात, किडे-मुंग्या मरतात, जनावरांचं शेण-मूत पडतं, मेलेल्या श्वापदांची हाडं-मांस तिथंच जिरतं. वळवाचा पाऊस हे सगळं धुवून खाली आणतो आणि ते खालच्या शेतांत पसरतं. शेतकऱ्याला न मागता मिळणारं हे खत. डोंगर उजाड झाला, किंवा माणसं आणि जित्राबं त्यावरून हाकलली, की खालच्या रानाचं खतही तुटतं. आज सेंद्रिय कर्ब, जैवविविधता असे शब्द मेळाव्यात ऐकू येतात. हे शब्द तेव्हा नव्हते, पण डोंगरावरच्या किड्याचा खालच्या ज्वारीशी संबंध आहे, हे जोतीराव पुराव्यासारखं मांडत होते.

मागण्यांचा कागद

शेवटच्या भागात उपाय आहेत. सरकारने हवं तर उद्या सकाळी काम सुरू करावं इतके ते रोकडे आहेत.

पलटणीतले शिपाई आणि जास्तीचे पोलीस बसून खातात, त्यांना हाताशी धरून शिवारात जागोजाग तालीसारखे बंधारे घाला. ते असे घाला की वळवाचं पाणी आधी सगळ्या शेतांतून मुरेल आणि मगच ओढ्या-नदीला मिळेल. शेतं धुपून त्यांत घळी पडू नयेत म्हणून पाणलोटाच्या बाजूच्या ताली वरचेवर नीट ठेवा. डोंगरांच्या खोऱ्यांत जमतील तितकी तळी बांधा, म्हणजे खालच्या ओढ्यांना भर उन्हाळ्यात पाणी राहील, त्यावर लहान-मोठी धरणं चालतील आणि विहिरींचे झरे जिवंत राहतील. पाणाडे लावून प्रत्येक गावात कुठं झरा आहे ते शोधा, त्याची नोंद करा आणि जो शेतकरी विहीर पाडेल त्याला बक्षीस द्या.

गाळाची मागणी याच यादीत आहे. तिच्या जोडीला गायरानाची. जंगलखात्याने घेतलेली गायरानं त्या त्या गावाला परत करा. सरकारी जंगलातून सरपण आणि शेतासाठी राब तोडू द्या, मात्र विकण्यासाठी इमारती लाकूड तोडायला सक्त बंदी करा. जंगलखात्याविषयी त्यांची भाषा जळजळीत आहे, खातंच होळीत टाका म्हणण्याइतकी. पण नीट वाचलं तर माणूस जंगल तोडायला निघालेला नाही. घरच्या गरजेला मोकळीक आणि धंद्याच्या कुऱ्हाडीला बंदी, अशी ती वाटणी आहे. गावाने वापरायचं आणि गावाने राखायचं, या पद्धतीला सरकारने संयुक्त वनव्यवस्थापन म्हणून जवळ केलं ते शंभराहून जास्त वर्षांनी.

शेळ्या-मेंढ्यांचं चांगलं बेणं बाहेरून आणा, असंही ते सांगतात, तेही लोकरीपेक्षा लेंड्यांच्या खतासाठी जास्त. बारामतीच्या जिराईत पट्ट्यातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागतात आणि वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. त्यांना या मागणीचं मोल वेगळं सांगायला नको.

रानडुकरांचा विषयही आहे. हत्यारांचा कायदा झाला, शेतकऱ्याची बंदूक गेली आणि डुकरांनी पिकं फस्त करायला सुरुवात केली. एक तर राखणीला गावठी बंदूक द्या, नाहीतर पोलिसांनी डुकरं आवरावीत आणि नुकसान झालं तर त्यांच्याकडून भरून द्यावं, असा तो हिशेब. इथं जोतीराव पूर्णपणे पीक राखणाऱ्याच्या बाजूचे आहेत. आजच्या कायद्यात हे बसणार नाही. पण नुकसान सोसायचं ते एकट्या शेतकऱ्यानेच का, हा त्यांचा सवाल मक्यात आणि भुईमुगात शिरलेलं डुक्कर पाहिलेल्या माणसाला चुकीचा वाटणार नाही.

कालव्याच्या पाण्यावर तर त्यांनी पाटबंधारे खात्याला धारेवर धरलंय. पाणीपट्टी घ्यायची आणि पिकाला लागेल तेव्हा पाणी द्यायचं नाही, यावर त्यांचा उपाय होता की प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या रानाच्या मानाने तोटी करून द्या, म्हणजे जरुरीपेक्षा जास्त पाणी कुणी घेणार नाही. ठेकेदारीत धरण जवळून पाहिलेला माणूस हे सांगत होता. तसं काही झालं नाही. नीरेच्या कालव्याच्या कडेला पुढच्या काळात पाझराने आणि सढळ पाण्याने कितीतरी रानं चोपण झाली. वरच्याला जास्त आणि टेलच्याला थेंब, हे गाऱ्हाणंही इंदापूरपर्यंत ऐकू येतच राहिलं.

ड्यूकपुढं घोंगडी

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मानासाठी मेजवानी दिली. बडी मंडळी दागदागिने घालून आली. जोतीराव खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भाषणात सांगितलं की हिंदुस्थानची खरी रयत या दालनात बसलेली नाही, ती पाहायची तर खेड्यात चला. दोन महिन्यांनी, ११ मे रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. त्याच साली अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं.

‘असूड’ पुढं बरीच वर्षं मोजक्याच लोकांच्या हाती राहिला. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली समग्र वाङ्मय काढलं, तेव्हा तो सगळ्यांना मिळू लागला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं.

यादीतल्या कामांचं म्हणाल, तर ताली आणि बंधारे झाले, पण फार उशिरा आणि दर दुष्काळानंतर नव्या नावाने. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरातल्याच नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माथ्यापासून पाणलोट बांधला, जमिनीवर नाही तर माणशी पाणी वाटलं आणि भूमिहीनालाही वाटा दिला. खानवडीपासून ते गाव लांब नाही. गाळ आता अनुदानासह मिळतो. जंगलावर गावाचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला, तो कागदावरून रानात उतरायला अजून झगडावं लागतं.

आणि सुपे. जिथं १८७५ ला खतं जळाली, त्याच सुप्याच्या माळावर १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. झाडी विरळ, गवत जास्त आणि त्या गवतावर चिंकारा जगतो. चिंकारा हद्द ओळखत नाही, शेजारच्या रानात आणि पडीक माळावर तो येतो-जातो. त्याच माळावर मेंढरंही चरतात. माळ नांगरला, प्लॉट पडले, कुंपणं आली, तर हरणाची वाट आणि मेंढराची वाट दोन्ही बंद होतात. बारामती आणि इंदापूरच्या ग्रामपंचायतींच्या दप्तरात गायरान म्हणून जे गट अजून शिल्लक आहेत, त्यांचे सात-बारा ग्रामसभेत वाचायला मागण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.